कोबीचा गड्डा आणि शहराचें देणें

शहरांतील मध्यमवर्गीय घरांत हिवाळ्याच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां तरी कोबीची भाजी होतेच. गृहिणी मंडईंत जाते, गड्डा हातांत घेऊन दाबून पाहते, घट्ट आणि जड लागला तर पिशवींत टाकते. घरीं आल्यावर वरचीं दोन-चार पानें आणि मधला दांडा काढून टाकते आणि उरलेला कोबी बारीक चिरते. भिजविलेली हरभऱ्याची डाळ, मोहरीची फोडणी आणि वरून ओला नारळ पडला कीं भाजी तयार होते. ह्या साऱ्या व्यवहारांत, त्या गड्ड्यानें कोणाच्या तरी शेतांतून काय उचलून आणलें आणि तें त्या शेताला परत कोण देणार, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येत नाहीं. परंतु हाच प्रश्न गेलीं दोन शतकें युरोपांतील बागवानांना, रसायनशास्त्रज्ञांना आणि नगरपालिकांना सतावीत आला आहे. आणि त्याच्या उत्तराचा एक धागा पुण्याच्या शेतकी कॉलेजाशीं येऊन मिळतो. तो इतिहास मनोरंजक तर आहेच, पण शहरांत राहणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावा असाहि आहे.

कोबी हें आपल्याकडचें मूळचें पीक नव्हे, ह्याची साक्ष त्याचें नांवच देतें. पोर्तुगीज लोक ह्या भाजीला 'कोउव्ह' म्हणतात. बटाटा, पाव, काजू ह्या शब्दांप्रमाणें 'कोबी' हा शब्दहि त्यांच्याच भाषेंतून मराठींत आला. कोबीचा रानटी भाऊबंद आजहि अटलांटिक महासागराच्या काठीं चुनखडीच्या उभ्या कड्यांवर वाढलेला आढळतो. त्याला गड्डा नसतो. जाड, निळसर, मेणचट पानें तेवढीं असतात. ह्याच कुळांतील वनस्पती निवडीत निवडीत माणसानें कोबी, फ्लॉवर, नवलकोल अशा नाना भाज्या निर्माण केल्या. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील रोमन गृहस्थ केटो ह्यानें आपल्या शेतीवरील ग्रंथांत कोबीला सर्व भाज्यांत श्रेष्ठ ठरविलें, आणि त्याच ग्रंथांत कबुतरांची विष्ठा बागेंत पसरावी असा सल्लाहि दिला. म्हणजे कोबी आणि खत ह्यांची सोबत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. चुनखडीच्या कड्यावरचा हा मूळचा रहिवासी आहे, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

कोबी हें पीक खादाड आहे, असें बागवान म्हणतात, आणि तें खरें आहे. फळझाड आपल्या पानांतील सत्त्व पानगळीबरोबर पुष्कळसें मातीला परत करतें. कोबीचें तसें नाहीं. येथें पानांचा समूह हेंच पीक. तोच कापून गाडींत भरला जातो. रोप लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत त्याला पानांवर पानें रचून किलो-दोन किलोंचा गड्डा बांधावयाचा असतो, आणि पान बनविण्यास सर्वांत अगत्याचें द्रव्य म्हणजे नत्र. नत्र कमी पडलें कीं जुनीं पानें पिवळीं पडतात, वाढ खुंटते आणि गड्डा मुठीएवढाच राहतो. नत्रासोबत मुळांच्या वाढीसाठीं स्फुरद आणि रोपाच्या काटकपणासाठीं पालाश लागतें. शिवाय मोहरीच्या कुळांतला असल्यामुळें कोबीला गंधकहि इतर पिकांपेक्षां अधिक लागतो. शिजतांना येणारा त्याचा उग्र वास ह्या गंधकाचाच. ताज्या कोबींत शेंकडा नव्वदांहून अधिक भाग पाणीच असतें, आणि प्रथिनें सुमारें सव्वा भाग असतात. प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नत्र असतें. ह्या हिशेबानें एक टन कोबी बाजारांत गेला कीं त्याबरोबर सुमारें दोन किलो नत्र शेत कायमचें सोडून जातें. तीस टन पीक निघालें तर साठ किलो गेलें. हें सारें शहरांत येतें, आणि शहराच्या गटारांतून कोठें तरी वाहून जातें.

एके काळीं हें देणें शहर आपोआप फेडीत असे. जर्मनींतील मेक्लेनबुर्ग प्रांतांत टेलो नांवाची जहागीर स्वतः कसणारा योहान फॉन थ्यूनेन ह्यानें १८२६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्यें एकच शहर आणि सभोंवार सारखी सपाट जमीन अशी कल्पना करून, कोणतें पीक शहरापासून किती अंतरावर घेणें परवडेल ह्याचा त्यानें हिशेब मांडला. शहराला अगदीं लागून असलेल्या पहिल्या वर्तुळांत त्यानें भाजीपाला आणि दूध ठेवलें. कारण दुहेरी होतें. एक तर हा माल नाशवंत. आणि दुसरें म्हणजे त्याला लागणारें भरपूर खत शहराच्या तबेल्यांतूनच विकत मिळत असे. थ्यूनेनची ही कल्पना प्रत्यक्षांत पाहावयाची असेल तर तेव्हांचें पॅरिस किंवा लंडन पाहावें. पॅरिसच्या भोंवतालचे बागवान घोड्यांच्या ताज्या लिदीचे थर रचून त्यांच्या उष्णतेवर भर हिवाळ्यांत भाज्या काढीत. लंडनच्या घोड्यांसाठीं होड्यांतून गवत येई, आणि परतीच्या खेपेस त्याच होड्या लीद घेऊन जात. पुढें आगगाडी आली, तेव्हां बेडफर्डशायरसारख्या दूरच्या परगण्यांतील मळ्यांनाहि लंडनची लीद डब्यांतून मिळूं लागली. घोडा रस्त्यावरून चालला तोंवर कोबीच्या शेताची काळजी शहराला वेगळी करावी लागली नाहीं. आपल्याकडेहि गांवाजवळच्या मळ्यांत सोनखत आणि गांवखत जात असे, तें ह्याच न्यायानें.

परंतु लिदींत नेमकें असें काय असतें कीं ज्यामुळें कोबी वाढतो, ह्याचें ज्ञान कोणालाच नव्हतें. १८४० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग ह्यानें आपला शेतीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पती कुजलेल्या पदार्थांवर नव्हे, तर साध्या खनिज क्षारांवर आणि वायूंवर जगतात, आणि पिकानें नेलेले क्षार जमिनीला परत दिलेच पाहिजेत, असें त्यानें प्रतिपादन केलें. जें द्रव्य सर्वांत अपुरें असेल तेंच पिकाची मर्यादा ठरवितें, हा नियम कार्ल श्प्रेंगेल ह्यानें आधींच सांगितला होता. लीबिगनें तो जगाला पटवून दिला. नत्राच्या बाबतींत मात्र लीबिगचा अंदाज चुकला. हवेंतून पिकाला पुरेसें नत्र मिळतें असें तो मानीत असे. इंग्लंडांत हर्टफर्डशायरमधील रॉदमस्टेड येथील जमीनदार जॉन बेनेट लॉज ह्यानें १८४२ सालीं हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून बनविलेल्या सुपरफॉस्फेट खताचें पेटंट घेतलें, आणि दुसऱ्याच वर्षीं लीबिगचाच एक विद्यार्थी जोसेफ हेन्री गिल्बर्ट ह्याला सोबत घेऊन आपल्या शेतांत वाफे आंखले. एका वाफ्याला शेणखत, एकाला नुसते खनिज क्षार, एकाला क्षारांबरोबर नत्र, आणि एकाला कांहींच नाहीं. गव्हाच्या पिकानें निकाल दिला: नत्र घातल्यावांचून नुसत्या क्षारांनीं उत्पन्न फारसें वाढत नाहीं. दोघेहि हें काम सत्तावन्न वर्षें करीत राहिले, आणि त्यांतले कांहीं वाफे आजतागायत चालू आहेत. पुढच्या सर्व खतप्रयोगांना, भाजीपाल्याच्या प्रयोगांनाहि, ह्याच पद्धतीनें वाट दाखविली.

नत्र पाहिजे हें ठरलें. तें आणावें कोठून? प्रथम तें पेरू देशाच्या किनाऱ्यावरील चिंचा बेटांवरून आलें. तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं, म्हणून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर शतकानुशतकें सांचून राहिले होते. १८४० नंतर हें 'ग्वानो' खत जहाजांनीं युरोपांत येऊं लागलें. तें खणण्यास चीनमधून करारानें आणलेले मजूर लावीत. त्या धुळींत आणि उन्हांत त्यांचे हाल कुत्रा खात नसे, आणि पुष्कळजण तेथेंच मेले. तीन-साडेतीन दशकांत डोंगर संपले. मग चिलीच्या वाळवंटांतील सोरा आला. त्या वाळवंटासाठीं १८७९ सालीं चिली, पेरू आणि बोलिव्हिया ह्या तीन देशांत युद्ध जुंपलें. १८९८ सालीं सर विल्यम क्रुक्स ह्यांनीं ब्रिस्टल येथील अध्यक्षीय भाषणांत इशारा दिला कीं, सोऱ्याचा हा सांठाहि एक दिवस संपेल आणि हवेंतील नत्र बांधण्याची युक्ति रसायनशास्त्राला शोधावी लागेल. अकरा वर्षांनीं, १९०९ सालीं, फ्रिट्झ हाबर ह्यानें ती युक्ति प्रयोगशाळेंत साधली; कार्ल बॉश ह्यानें १९१३ सालीं ओपाऊ येथें तिचा कारखाना उभा केला. ह्या कारखानदारीनें शेतांना अन्न दिलें, तसा महायुद्धांत तोफांना दारूगोळाहि दिला. २१ सप्टेंबर १९२१ रोजीं ओपाऊच्या कोठारांतील घट्ट झालेलें खत सुरुंगानें फोडण्याचा नित्याचा खटाटोप चालू असतां सारा ढीग उडाला आणि पांचशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पोत्यांतून मिळणाऱ्या पांढऱ्या खड्यांची किंमत नुसत्या पैशांत झालेली नाहीं, हें विसरतां कामा नये.

ह्या पांढऱ्या खतानें कोबीचें काय केलें? प्रथमदर्शनीं चमत्कारच केला. रोप लावल्यावर पंधरवड्यांत पानें काळीभोर हिरवीं होतात, त्यांची रुंदी वाढते, सूर्यप्रकाश अधिक सांपडतो आणि गड्डा भरतो. पण दर वाढीव मुठीला मिळणारा वाढीव मोबदला कमी कमी होत जातो. १९०९ सालींच जर्मनींतील आइलहार्ड मिचरलिश ह्यानें ही गोष्ट गणिताच्या सूत्रांत मांडली. पहिल्या कांहीं किलोंनीं उत्पन्न झपाट्यानें चढतें, मग चढण मंदावते, आणि एका मर्यादेनंतर सपाटी येते. कोबीच्या बाबतींत तर सपाटीच्याहि पुढें तोटा आहे. नत्र फार झालें कीं गड्डे तडकतात, सांठवणींत लवकर नासतात, आंतल्या पानांच्या कडा करपतात, आणि पिकानें न उचललेला नायट्रेट पावसाबरोबर विहिरींत उतरतो. उलट बोरॉनसारखें द्रव्य हेक्टरी किलो-दोन किलो एवढेंच लागतें, पण तेंहि नसलें तर दांडा आंतून पोकळ होतो. लीबिगचा नियम येथें पुन्हां खरा ठरतो. नत्राची रास ओतून बोरॉनची उणीव भरून येत नाहीं.

ह्याहून मोठा धडा मात्र खतानें नव्हे, तर रोगानें शिकविला. १८७० नंतरच्या दशकांत सेंट पीटर्सबर्गच्या भोंवतालच्या कोबीच्या मळ्यांवर एक संकट आलें. रशियन घरांत कोबी म्हणजे हिवाळ्याचें अन्न. आंबविलेला कोबी आणि कोबीचें सूप ह्यांवर गरिबांचे सहा महिने निघत. त्या मळ्यांतील रोपें दुपारच्या उन्हांत माना टाकूं लागलीं, आणि उपटून पाहावें तों मुळें गांठाळून सुजलेलीं. तेथील बागवानांच्या संस्थेनें कारण शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केलें. मिखाइल वोरोनिन ह्या शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं त्या गांठी चिरून पाहिल्या आणि मुळांच्या पेशींत राहणारा एक अतिसूक्ष्म जीव दाखवून दिला. १८७८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालें. ह्या जीवाचीं बीजें मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. रोगट कोबी गुरांना घातला तर त्यांच्या शेणांतून तीं पुन्हां शेतांत जातात; म्हणजे ज्या खतावर कोबी वाढतो तेंच त्याचा वैरी वाहून आणूं शकतें. शिवाय ह्या रोगाचा जोर आंबट मातींत फार असतो, आणि चुना घालून आंबटपणा काढला कीं तो ओसरतो. चुनखडीच्या कड्यावरचें तें मूळ घर येथें आठवतें.

मातीच्या आंबटपणाचा खताशीं काय संबंध, हें दुसऱ्याच ठिकाणीं उघडकीस आलें. बेडफर्डशायरमध्यें वोबर्न येथें १८७६ सालीं रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनें रेताड जमिनीवर प्रयोगक्षेत्र सुरू केलें. त्याची देखरेख आधीं ऑगस्टस वोल्कर आणि नंतर त्यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस वोल्कर ह्यांच्याकडे होती. तेथें कांहीं वाफ्यांत दरसाल अमोनियम क्षार घालून जव आणि गहूं घेत. आरंभीं पीक उत्तम आलें. पण सुमारें वीस वर्षांनीं त्याच वाफ्यांत जव उगवेनासा झाला. शेत ओसाड दिसूं लागलें. खत तर नेमानें पडत होतें! अमोनियम क्षाराच्या वापरानें माती वर्षागणिक आंबट होत गेली होती, आणि रेताड जमिनींत तो आंबटपणा पचविण्याइतका चुना नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या वाफ्यांच्या कांहीं भागांत चुना पसरला, आणि पीक परत आलें. ज्यानें पहिल्या पांच वर्षांचाच हिशेब पाहिला असता त्यानें ह्या खताला निर्विवाद यशस्वी ठरविलें असतें. कोबीवाल्यानें ह्यांतून दुहेरी बोध घ्यावयाचा: अमोनियम सल्फेटनें नत्र मिळेल, पण चुन्याकडे लक्ष नसेल तर त्याच खतानें मुळांच्या रोगाला घर करून दिलें जाईल.

हेच धाकटे वोल्कर १८८९ सालीं हिंदुस्थानांत शेतीची पाहणी करण्यास आले, आणि १८९३ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी आहे ही समजूत त्यांनीं खोडून काढली. त्याला खताची किंमत कळते, पण जळण नसल्यामुळें शेणाच्या गोवऱ्या थापाव्या लागतात, हें दुखणें त्यांनीं नेमकें ओळखलें. पुढें १९२४ सालीं इंदूर येथें निघालेल्या संस्थेंत ॲल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनीं पालापाचोळा, कडबा, शेण आणि मूत्र मुरलेली माती ह्यांचे थर रचून तीन महिन्यांत खत कुजविण्याची पद्धत बसविली; १९३१ सालीं दोघांच्या नांवें निघालेल्या ग्रंथानें ती जगभर नेली. आज शहरांतील गच्चीवरच्या बागेंत जो 'कंपोस्ट'चा डबा दिसतो, त्याच्या पूर्वजांत ह्या इंदूर पद्धतीला मानाचें स्थान आहे.

वोबर्न आणि महाराष्ट्र ह्यांना जोडणारा दुसरा पुरुष म्हणजे डॉक्टर हॅरॉल्ड मॅन. १९०७ सालीं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले आणि पुढें मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख झाले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गांवाची त्यांनीं घरोघर केलेली पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती आणि वर्षाच्या अखेरीस हातांत उरतें किती, ह्याचा तींत चोख हिशेब आहे. १९२७ सालीं ते निवृत्त झाले आणि मायदेशीं जाऊन वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर काम करूं लागले. सुखानें विश्रांति घेण्याच्या वयांत त्यांनीं नव्या कामाला हात घातला, आणि वयाच्या सत्तरीच्या सुमारास त्यांनीं जो प्रयोग आंखला त्याचा कोबीशीं थेट संबंध आहे.

त्याचें असें झालें. पहिल्या महायुद्धानंतर शहरांतील घोडा हटला आणि मोटार आली. रस्ते स्वच्छ झाले, पण बेडफर्डशायरच्या भाजीमळ्यांना लंडनहून येणारी लीद आटली. रेताड जमिनीला नुसत्या पोत्यांतील खतावर कोबी पिकविण्याचें बळ किती दिवस राहणार? आणि लीद नाहीं तर तिच्या जागीं काय? शहरापाशीं देण्यासारखें एकच उरलें होतें: सांडपाण्याच्या कारखान्यांत तळाशीं बसणारा गाळ. मॅन ह्यांनीं १९४२ सालीं वोबर्न येथें भाजीमळ्याचा दीर्घ प्रयोग सुरू केला. कांहीं वाफ्यांत शेणखत, कांहींत गाळ, कांहींत गाळ आणि पेंढा ह्यांचें कुजविलेलें खत, आणि कांहींत केवळ रासायनिक खत. पिकें वाटाणा, बीट, कोबी अशीं. शेणखताच्या आणि गाळाच्या वाफ्यांत मातीचा कुजका, काळा अंश हळूहळू वाढला. केवळ रासायनिक खताच्या वाफ्यांत तो वाढला नाहीं. रेताड जमिनींत ह्या अंशाचें मोल फार. पाणी धरून ठेवणारें दुसरें कांहीं तेथें नसतें. शहराचें देणें फेडण्याचा मार्ग सांपडला, असेंच कोणालाहि वाटलें असतें. १९६१ पर्यंत गाळ घातला गेला आणि मग थांबविला.

ह्या गोष्टीचा दुसरा अंक वीस वर्षांनीं झाला. शहराचें सांडपाणी म्हणजे केवळ स्वयंपाकघरांतील आणि न्हाणीघरांतील पाणी नव्हे. त्यांत कारखान्यांतील जस्त, तांबें, निकल आणि कॅडमियम ह्या धातूंचाहि अंश उतरतो. हे धातू कुजत नाहींत, उडून जात नाहींत आणि पिकाबरोबरहि फारसे निघून जात नाहींत. १९८० नंतरच्या दशकांत रॉदमस्टेडच्या शास्त्रज्ञांनीं त्या जुन्या वाफ्यांतील माती तपासली, तेव्हां गाळाबरोबर आलेल्या धातूंचा मोठा भाग नांगराच्या थरांतच बसलेला आढळला. त्याहून नवल म्हणजे, त्या मातींत पांढरें क्लोव्हर पेरलें तर तें रोडावूं लागलें. क्लोव्हरच्या मुळांवरील गांठींत जे जंतू हवेंतील नत्र बांधतात, त्यांचे कार्यक्षम प्रकार त्या मातींतून नाहींसे झाले होते. शेणखताच्या वाफ्यांत असें कांहींच झालें नव्हतें. जमिनीला नत्र मिळावें म्हणून जो गाळ घातला, त्यानेंच जमिनीची नत्र मिळविण्याची स्वतःची शक्ति हिरावून घेतली. असा गाळ शेतांत किती आणि कसा घालावा ह्यावर युरोपीय समुदायानें १९८६ सालीं नियम केले, आणि धातूंच्या मर्यादा ठरविल्या. पुढच्या नियमांच्या चर्चेंत वोबर्नच्या ह्या वाफ्यांचा दाखला वारंवार दिला जाऊं लागला. मॅन ह्यांचा प्रयोग फसला असें मात्र म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं वाफे इतके नीट आंखले आणि नोंदी इतक्या चोख ठेवल्या, कीं त्यांच्या मनांतहि न आलेल्या प्रश्नाचें उत्तर त्या मातीनें चार दशकांनीं दिलें.

त्याच सुमारास इंग्लंडांतील वेल्सबर्न येथें, १९४९ सालीं निघालेल्या भाजीपाला संशोधन केंद्रांत, डंकन ग्रीनवुड आणि त्यांचे सहकारी अनेक भाज्यांवर नत्राच्या चढत्या मात्रांचे प्रयोग करीत होते. सर्व भाज्यांना एकच मात्रा लागू पडत नाहीं. गाजर थोडक्यांत समाधान मानतें. कोबीच्या कुळाला पुष्कळ लागतें. पण मातींत आधींच किती आहे हें पाहिल्यावांचून मात्रा ठरविणें म्हणजे ताटांत काय उरलें आहे तें न पाहतां पुन्हां वाढण्यासारखें आहे. म्हणून पेरणीआधीं मातीची परीक्षा, आणि नत्र एकदम न ओततां हप्त्यांनीं देणें, हे दोन नियम आज सर्वत्र मान्य झाले आहेत. महाराष्ट्रांतील शेतकी विद्यापीठेंहि कोबीला शेणखत, सोबत स्फुरद-पालाश, नत्राचा एक भाग लागवडीच्या वेळीं आणि उरलेला महिन्याभरानें द्यावा असेंच सांगतात. दख्खनच्या काळ्या जमिनींत चुन्याचा अंश मुळांतच असतो, म्हणून तेथें आंबटपणाचें भय कमी. कोंकणच्या जांभ्या मातींत मात्र तें डोळ्यांआड करून चालत नाहीं. २०१५ सालीं भारत सरकारनें सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेचा हेतू हाच कीं, प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या मातीचा जमाखर्च कागदावर दिसावा.

परंतु जमाखर्चाच्या वहीला दोन पानें असतात. शेतकऱ्याच्या पानावर काय लिहावें हें शास्त्रानें पुष्कळसें सांगितलें. शहराचें पान मात्र अद्याप कोरेंच आहे. मंडईंतून आलेल्या कोबीचीं वरचीं पानें आणि दांडा जेव्हां प्लॅस्टिकच्या पिशवींत, फुटक्या बाटल्या आणि जुन्या बॅटऱ्या ह्यांच्या सोबतीनें कचरागाडींत पडतात, तेव्हां तें नत्र शेताकडे परत जाण्याची वाट बंद होते. आणि कसेंबसें परत गेलेंच, तर वोबर्नच्या गाळाप्रमाणें आपल्याबरोबर काय घेऊन जाईल ह्याची शाश्वती राहत नाहीं. ओला कचरा निराळा ठेवावा हा नगरपालिकांचा नियम घरोघर कंटाळवाणा वाटतो. त्या कंटाळ्याचें मोल काय, हें त्या रोडावलेल्या क्लोव्हरनें दाखविलें आहे. घोड्याच्या काळांत शहर आपलें देणें नकळत फेडीत होतें. आतां तें जाणून फेडावें लागेल, आणि त्याचा आरंभ विळीपाशीं, चिरलेल्या कोबीच्या टाकाऊ पानांपासून होऊं शकतो.